गिटची कॉन्फिग फाईल आणि ‘हात लावू नका’ची शिकवण

दिवाळीला नाचणगावला घरी गेले होते. धाकटी चुलत बहीण वर्ध्याला एम.एस्सी. करतेय, पुढं पीएच.डी.चा विचार आहे. फराळाची ताटं उचलल्याबरोबर ती लॅपटॉप घेऊन आली. प्रोजेक्टसाठी गिट वापरायला सांगितलंय, त्यात तिचं नाव चुकीचं पडत होतं. मी म्हटलं, होम फोल्डरमध्ये डॉट-गिटकॉन्फिग नावाची फाईल असेल, ती उघड. ती थांबलीच. “ताई, हातानं उघडली तं बिघडन नाही ना? सरांनी सांगितलं, त्या फाईलले हात नाही लावायचा, कमांडच द्यायची.”

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर एकदा नीट लिहायचं ठरवलं. लॅबमध्ये नवीन येणारा प्रत्येक जण गिट शिकताना पहिल्या दहा मिनिटांत दोन ओळी टाइप करतो: गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.नेम आणि त्यापुढं नाव, मग तसंच युजर.ईमेल. (ब्लॉगच्या प्रथेप्रमाणे कमांडही इथे देवनागरीत लिहितेय. टर्मिनलवर अर्थातच रोमन.) त्या ओळी कुठं गेल्या, कोणत्या फाईलमध्ये लिहिल्या गेल्या, हे विचारलं तर दहातले नऊ जण सांगू शकत नाहीत. दोष त्यांचा नाही, शिकवण्याचा आहे.

आता शिकवण्याचं सर्वांत चांगलं साधन घेऊ, म्हणजे टीका स्वस्तात होणार नाही. स्कॉट चेकन आणि बेन स्ट्रॉब यांचं ‘प्रो गिट’. दुसरी आवृत्ती २०१४ची, जालावर फुकट वाचता येते, आणि मी स्वतः गिट त्यातूनच शिकले. गिटच्या पोटात काय चालतं ते सांगणारं त्यातलं शेवटचं प्रकरण तर प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं वाचावं असं आहे. पण कॉन्फिगरेशनच्या प्रकरणात आधी तिन्ही पातळ्यांच्या फाईली कुठं असतात ते सांगतात, आणि मग म्हणतात की या फाईली हातानंही बदलता येतात, पण साधारणपणे कमांड देणंच सोपं. एवढंच. त्यानंतर पानंच्या पानं कमांडी. फाईलचं व्याकरण काय, ती उघडली तर काय दिसेल, काय चुकू शकतं, यावर जवळजवळ काही नाही.

माझा आक्षेप ‘सोपं’ या शब्दाला आहे. एक किल्ली बदलायची असेल तर कमांड सोपी, मान्य. पण विद्यार्थ्याला खरी अडचण येते ती ‘आत्ता माझ्या गिटमध्ये काय लिहिलेलं आहे?’ या प्रश्नाची. आणि तो प्रश्न पडण्यासाठी आधी ठाऊक असावं लागतं की कुठंतरी काहीतरी लिहिलेलं असतं.

माझाच किस्सा सांगते. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी लॅबमधल्या सामायिक संगणकावर मी काम करायचे. एकच लॉगिन, सगळ्यांचं. माझ्या आधीच्या विद्यार्थ्यानं त्यावर कधीतरी त्या दोन ओळी चालवलेल्या होत्या, अर्थात स्वतःच्या नावानं. मी गिट सुरू केलं, गिटनं नाव विचारलं नाही, मला वाटलं छानच झालं. चार महिने मी कोड लिहिला आणि चार महिने प्रत्येक कमिटवर त्या मुलाचं नाव पडत गेलं. कळलं कधी? शोधनिबंधासोबत कोड जोडायची वेळ आली, गाइडनी लॉग पाहिला आणि विचारलं, “हे तू केलंस की त्यानं?” त्या प्रश्नात संशय नव्हता, पण मला घाम फुटला. ज्या कामावर आपला प्रबंध उभा राहणार त्यावर दुसऱ्याचं नाव, आणि तेही आपल्याच हातानं लागलेलं.

सुधारायचं कसं, हाही धडाच निघाला. इतिहास पुन्हा लिहिता येतो, पण मग प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो, आणि माझ्या वहीत ‘हा आलेख या हॅशच्या कोडवरून’ अशा नोंदी होत्या. त्या सगळ्या निकामी झाल्या असत्या. शेवटी डॉट-मेलमॅप नावाची फाईल रिपॉझिटरीत टाकली. ‘हे नाव आणि हा ईमेल दिसला तर त्याजागी ते नाव दाखव’ एवढंच ती गिटला सांगते. मूळ कमिट तशीच राहते. माझं नशीब इतकंच की त्या रिपॉझिटरीत त्या मुलाची स्वतःची एकही कमिट नव्हती. असती तर मेलमॅपला त्याचं काम कोणतं नि माझं कोणतं हे ओळखता आलं नसतं, कारण दोघांची ओळख एकच होती.

पहिल्या दिवशी ती फाईल नुसती उघडून पाहिली असती तर वरच्याच तीन ओळींत, चौकोनी कंसातल्या ‘युजर’खाली, ते नाव दिसलं असतं.

आता दुसरी बाजू. हात न लावण्याचा सल्ला निव्वळ अंधश्रद्धा आहे असं नाही. फाईल दिसायला साधी असते: चौकोनी कंसात विभागाचं नाव, खाली ‘किल्ली = किंमत’. पण या साधेपणात खड्डे आहेत. हॅशचं चिन्ह किंवा अर्धविराम आला की तिथून पुढचं सगळं टिप्पणी धरलं जातं. तुमच्या फोल्डरचं नाव ‘डेटा#२’ असेल आणि तो मार्ग तुम्ही अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर गिटला फक्त ‘डेटा’ दिसतं, आणि तक्रार काहीच येत नाही. विंडोजवाल्यांसाठी उलटी तिरकी रेघ हा आणखी मोठा खड्डा. तिच्यानंतर रोमन ‘टी’ आला तर गिट त्याचा टॅब करतं, ‘एन’ आला तर नवी ओळ. आणि ‘यू’सारखं त्याला न कळणारं अक्षर आलं तर ‘अमुक क्रमांकाची ओळ खराब आहे’ म्हणून हातच वर करतं. मग त्या फाईलवर विसंबणारं गिटचं काहीच चालत नाही. कमांडनं हीच किंमत लिहिली असती तर गरजेची अवतरणचिन्हं आणि जादा रेघा तिनं स्वतः घातल्या असत्या. शिवाय कमांड लिहिताना शेजारी कुलुपाची फाईल तयार करते, दुसरी प्रक्रिया त्याच वेळी लिहीत असेल तर थांबवते. नोटपॅडला असलं काही माहीत नाही. उलट नोटपॅड कधी कधी नव्या फाईलच्या नावामागं ‘.टीएक्सटी’ चिकटवून ठेवतं, आणि आपण तासभर विचार करत बसतो की गिट आपलं ऐकत का नाही.

पण कमांड सुरक्षित आणि हात धोकादायक, अशी सरळ वाटणी करू नका. युजर.नेमच्या कमांडमध्ये पहिलं नाव नि आडनाव अवतरणचिन्हांशिवाय लिहून बघा. गिट फक्त पहिलं नाव नोंदवतं. आडनाव कुठं गेलं? तिसरा शब्द म्हणजे ‘कोणती जुनी किंमत बदलायची’ ते ओळखण्याचा साचा, असं गिट समजतं. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या फाईलमधून कमांड चिकटवली आणि सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणं आली, तरी हेच होतं, वर नावाला एक वळणदार चिन्ह चिकटतं ते वेगळंच. हे फाईल उघडल्यावर एका नजरेत दिसतं. कमांडच कमांड देणाऱ्याला ते प्रबंधाच्या वेळी दिसतं.

आणि मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट कमांडला आणि हाताला दोघांनाही लागू आहे. किल्लीचं नाव चुकवा. ‘नेम’च्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं उलटसुलट करा. हातानं लिहा नाहीतर कमांडनं, गिट ते मुकाट्यानं ठेवून घेतं आणि मुकाट्यानं दुर्लक्षही करतं. कारण विभाग आणि किल्ली असा साचा जुळला की गिटच्या लेखी नाव वैध. यामागं कारण आहे: गिटभोवतीची दुसरी साधनं याच फाईलमध्ये आपापल्या किल्ल्या ठेवतात, त्या सगळ्यांची यादी गिटकडं कुठून असणार? कारण पटतं. पण परिणाम विद्यार्थी भोगतो.

इथं मला माझ्या कामातली तुलना सुचते. मी पावसाच्या अभ्यासासाठी डब्ल्यूआरएफ नावाचं हवामानाचं मॉडेल चालवते. त्याचा सगळा कारभार नेमलिस्ट-डॉट-इनपुट या एका मजकूर-फाईलवर चालतो. फोर्ट्रानच्या जमान्यातली पद्धत, दिसायला ओबडधोबड, आणि ती हातानंच बदलायची असते. कोणी आजपर्यंत मला ‘हात लावू नकोस’ म्हटलं नाही. जाळीचं अंतर ९ किलोमीटर असेल तर काळाची पायरी सेकंदांत त्याच्या सहापट, म्हणजे ५४च्या आसपास ठेवायची, हा ढोबळ नियम. फार वाढवली तर गणित अस्थिर होऊन मॉडेल कोसळतं. आता याच फाईलमध्ये एखाद्या चलाचं नाव चुकवून पाहा. मॉडेल सुरूच होत नाही, नेमलिस्ट वाचताना चूक झाली असं सांगून थांबतं. आणि नीट चाललं तर शेवटी नेमलिस्ट-डॉट-आउटपुट अशी फाईल ठेवून जातं, जिच्यात तुम्ही लिहिलेल्या किमती तर असतातच, पण तुम्ही न लिहिलेल्या, मॉडेलनं स्वतःहून धरलेल्या किमतीही असतात. दोन वर्षांनी परीक्षकानं विचारलं की तेव्हा अमुक किंमत काय होती, तर उत्तर कागदावर असतं.

गिट यातलं काही करत नाही. गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन ही कमांड प्रत्येक किंमत कोणत्या फाईलमधून आली ते दाखवते, आणि ती मी सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवायला सांगेन. पण ती फक्त लिहिलेलं दाखवते. न लिहिलेल्या किल्लीसाठी गिट काय धरून चालतं, ते शोधायला मॅन्युअलचं भलंमोठं पान चाळावं लागतं. इतिहास जपण्यासाठी जन्मलेलं २००५चं साधन या एका बाबतीत जुन्या फोर्ट्रानच्या रिवाजापुढं कमी पडतं, हे मला गमतीचं आणि थोडं दुःखाचं वाटतं.

याला जोडूनच पुढचा मुद्दा, जो संशोधनात खरा महाग पडतो. रिपॉझिटरीच्या आतली डॉट-गिट फोल्डरमधली कॉन्फिग फाईल गिट स्वतः जतन करत नाही. ती कमिट होत नाही, क्लोन केल्यावर दुसऱ्याकडं जात नाही. हे मुद्दाम आहे, आणि बरोबर आहे. या फाईलमधल्या काही किल्ल्या थेट कमांड चालवू शकतात: एडिटर कोणता, सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम कोणता. क्लोनबरोबर ती आली असती तर कोणाचंही रिपॉझिटरी उतरवणं म्हणजे त्याच्या हातात आपला संगणक देणं झालं असतं.

पण मग काय होतं ते बघा. मोठ्या डेटा-फाईलींसाठी गिट-एलएफएस वापरतात. ‘या प्रकारच्या फाईली एलएफएसनं हाताळायच्या’ ही खूण डॉट-गिटॲट्रिब्यूट्समध्ये असते, आणि ती फाईल कमिट होते. पण ‘एलएफएस म्हणजे नेमकी कोणती कमांड’ हे कॉन्फिगमध्ये असतं, आणि ते ज्याच्या त्याच्या संगणकावर राहतं. तुमच्या सहकाऱ्याच्या संगणकावर एलएफएस बसवलेलंच नसेल तर क्लोन सुरळीत होतं, चूक येत नाही, आणि पावसाच्या शेकडो एमबीच्या फाईलच्या जागी तीन ओळींचा मजकूर येतो: आवृत्ती, हॅश आणि आकार. नेटसीडीएफचं साधन म्हणतं की हा फॉरमॅट ओळखीचा नाही, आणि सहकारी तुम्हाला कळवतो की तुमचा डेटा खराब आहे. त्याहून वाईट म्हणजे, त्यानं त्याच स्थितीत नवी मोठी फाईल टाकली तर ती अख्खीच्या अख्खी इतिहासात जाऊन बसते.

म्हणून माझा नियम असा: जे प्रकल्पाचं आहे ते ॲट्रिब्यूट्समध्ये, जे माझं आहे ते कॉन्फिगमध्ये. ओळीच्या शेवटाचा घोळ घ्या. विंडोजवर कोअर.ऑटोसीआरएलएफ या किल्लीवर भिस्त ठेवली तर प्रत्येकाच्या संगणकावर वेगळं उत्तर मिळतं, आणि क्लस्टरवर स्क्रिप्ट ‘इंटरप्रिटर सापडत नाही’ म्हणून पडते. तोच निर्णय ॲट्रिब्यूट्समध्ये एका ओळीत लिहिला की सगळ्यांना सारखा लागू होतो. जे कॉन्फिगमध्येच ठेवावं लागतं, त्याची नोंद रीडमीमध्ये करा. ‘प्रो गिट’मध्ये ॲट्रिब्यूट्सवर वेगळा, चांगला भाग आहे. पण कॉन्फिग प्रवास करत नाही आणि ॲट्रिब्यूट्स करतात, हा फरक प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात हवा होता.

सामायिक संगणकांबद्दल आणखी एक. एप्रिल २०२२मध्ये गिटच्या २.३५.२ आवृत्तीत सुरक्षेसाठी एक बदल झाला: फोल्डरचा मालक दुसराच वापरकर्ता असेल तर गिट तिथं काम करायला नकार देतं, आणि सेफ.डिरेक्टरी ही किल्ली लिहायला सांगतं. ही किल्ली रिपॉझिटरीच्या आतल्या कॉन्फिगमधून मानलीच जात नाही, नाहीतर चोरानंच स्वतःला प्रमाणपत्र दिल्यासारखं झालं असतं. तरीही लॅबच्या ग्रुपवर जो उपाय फिरतो तो म्हणजे किंमत म्हणून नुसता तारा द्या. तारा म्हणजे सगळी फोल्डरं सुरक्षित, म्हणजेच तपासणी बंद. ज्यानं ती फाईल कधी उघडलेली नाही त्याला आपण कायमचं काय लिहून ठेवलं हे कळतच नाही. उघडा, तारा काढा, त्या एका फोल्डरचा मार्ग लिहा.

आता थोडं आपल्या भाषेचं. फाईलला मराठी नाव दिलं की गिट स्टेटसमध्ये ते आकड्यांच्या रांगेसारखं दिसतं. ‘पाऊस’मधल्या ‘प’च्या जागी ३४०, २४४, २५२, प्रत्येकाआधी उलटी तिरकी रेघ. हे त्या अक्षराचे तीन बाइट आहेत, अष्टमान पद्धतीत. फाईल खराब झालेली नसते. कोअर.कोटपाथ ही किल्ली ‘फॉल्स’ केली की देवनागरी जशीच्या तशी दिसते. ही एक ओळ माहीत नसल्यामुळं ‘गिटमध्ये मराठी चालत नाही’ असं समजून फाईलींना पाऊसचं रोमन स्पेलिंग देणारे मी पाहिलेत, आणि मग त्या स्पेलिंगवरून भांडणंही.

मग हातानं की कमांडनं? स्क्रिप्टमधून बदल करायचा असेल, दहा संगणकांवर तेच करायचं असेल, किंमतीत हॅश किंवा उलटी रेघ असेल, तर कमांडच. स्वतःची मांडणी समजून घ्यायची असेल, जुनं साचलेलं काढायचं असेल, सशर्त जोडणी लिहायची असेल, तर फाईल उघडा. सशर्त जोडणी म्हणजे इन्क्लूडइफ: अमुक फोल्डरखालच्या रिपॉझिटरींसाठी अमुक नाव-ईमेल. संस्थेच्या कामाला संस्थेचा ईमेल, स्वतःच्या उद्योगाला स्वतःचा. हे कमांडनं लिहिणं म्हणजे अवतरणांच्या आत अवतरणं. फाईलमध्ये दोन ओळी. फक्त फोल्डरच्या मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ विसरू नका. ती नसेल तर आतली फोल्डरं जुळत नाहीत, आणि गिट इथंही गप्पच. लिहून झालं की शो-ओरिजिन चालवून खात्री करा. स्वतःच्या संगणकावर युजर.यूजकॉन्फिगओन्ली ‘ट्रू’ ठेवा, म्हणजे नाव-ईमेल लिहिलेलं नसेल तर गिट अंदाजानं काही घालणार नाही, अडून बसेल. माझ्या किश्श्यात मात्र हिचा उपयोग झाला नसता, कारण तिथं नाव लिहिलेलं होतं, फक्त माझं नव्हतं. सामायिक लॉगिनवर नाव रिपॉझिटरीच्या आतल्या कॉन्फिगमध्येच लिहा. ते ग्लोबलवर मात करतं.

२०२४मध्ये आलेल्या २.४६ आवृत्तीत गिट कॉन्फिगला लिस्ट, गेट, सेट, एडिट असे वेगळे पोटशब्द मिळाले, ही चांगली सुधारणा. आता ‘सेट’ म्हटल्याशिवाय लिहिलं जात नाही अशी सवय लावता येईल. जुनी पद्धत अजून चालते, म्हणून जुन्या पुस्तकांतल्या ओळीही चालतात, आणि जुने गोंधळही.

बहिणीनं शेवटी फाईल उघडली. आधी एक प्रत काढून ठेवायला लावली. आत सात ओळी होत्या. युजरखाली नेमच्या दोन ओळी: पहिलीत तिचं नुसतं पहिलं नाव, दुसरीतही तेच. अवतरणचिन्हांशिवाय तीच कमांड दोनदा दिलेली. दुसऱ्यांदा जुनं नाव आडनावाच्या साच्यात बसलं नाही, म्हणून गिटनं आणखी एक ओळ जोडली होती. तिनं एक ओळ पुसली, दुसरीत आडनाव लिहिलं, सेव्ह केलं, आणि लिस्ट चालवून मला दाखवलं. मग म्हणाली, “एवढंच होतं?” आणि कोअर.कोटपाथची ओळही लगे हात टाकून घेतली.